निस्तं पेट्रोल

पर्लकोटा नदी अंगात आल्यासारखी घुमत होती आणि सरकारी नावेत मुखरूची लेक मनकर्णा बाळंतकळांनी विव्हळत होती. दवाखाना पलीकडे. मुखरूनं इंजिनाची दोरी ओढली; ती तसूभरही हलली नाही. पिस्टन जाम झाला होता. "काऊन रे लटारू, तेल नाई टाकलं?" नव्या चालकानं मान खाली घातली. "साहेबानं निस्तं पेट्रोल टाकाले सांगतलं, भाऊ." हे जुनं इंजिन पेट्रोलात तेल कालवल्याशिवाय जगत नाही. मुखरू चालक असताना आठ वर्षं तसंच पाजत होता; भेसळ करतो म्हणून साहेबानं त्यालाच हाकललं. "तूच बिघडवून गेला असशील," काठावरून साहेब म्हणाला. मुखरूनं पेच ढिले करून इंजिनाचं ते ओझं चिखलात टाकलं. दोन गडी वल्ही घेऊन नावेत चढले. "सरकारी माल आहे, आधी तो उचला!" साहेब ओरडला. गडी वल्ही नावेतच टाकून इंजिन उचलायला उतरले. मुखरूनं एकट्यानंच नाव लोटली.