आमगावचा माणूस

चपला काढता काढताच दुर्गेश्वरीला आतून सासूचा आवाज ऐकू आला. सुलोचनाबाई फोन तोंडाशी धरून हळू बोलत होत्या.

"थकून जातो जी मी. घरात बोलाले कोणी नाही. जेवली काय, म्हणून इचारणारं बी कोणी नाही."

दुर्गेश्वरी दारातच थांबली. सासू जेवली का, हे विचारल्याशिवाय तिनं आजवर तोंडात घास घातला नव्हता. दिवसभर सालेकशाच्या कापडाच्या दुकानात उभं राहायचं, गाडीनं दरेकशाला परत यायचं, चूल पेटवायची. आणि एवढं करून ही बाई कुणाला तरी सांगत होती की विचारणारं कोणी नाही.

तिनं मुद्दाम बादली आपटली. सुलोचनाबाईंनी फोन पदराखाली घेतला.

फोनवर बोललं की अक्षरं आपोआप उमटतात, हे दुर्गेश्वरीनंच त्यांना शिकवलं होतं. दुकानात काही निरोप द्यायचा झाला तर बरं पडेल, एवढाच हेतू. पण सुलोचनाबाईंना त्याची गोडीच लागली. आधी नातेवाईक, मग भजनाचा ग्रुप, मग लग्न जुळवणारा कुठला तरी ग्रुप. "गंमत पाहून राहिली," म्हणायच्या. उन्हाळा संपेतो त्या गमतीचं नाव धर्मेंद्र झालं होतं.

ते नाव दुर्गेश्वरीनं स्वतः वाचलं. सासू अंघोळीला गेलेली, फोन खाटेवर वाजला. वर नाव आणि खाली फक्त एक ओळ दिसली. 'जेवल्या काय तुम्ही?'

तिला राग आला. त्याहून जास्त थकवा आला. इतक्या साध्या शब्दांत तिलाही कुणी काही विचारून खूप दिवस झाले होते. नवरा, रोशन, तापानं गेला त्यालाच आता चार वर्षं होत आली होती. भाऊ न्यायला आला तेव्हा, "आईले कोण पाहील?" म्हणून तिनं त्याला परत पाठवलं होतं. सुलोचनाबाई त्याच्या बाजूनं बोलायला लागल्या, तर त्यांनाही गप्प केलं होतं. पुन्हा हा विषय घरात निघाला नाही.

मग एका संध्याकाळी ओसरीतून ऐकू आलं, "वय काही गेलं नाही माझं."

दुर्गेश्वरीचे कान तापले. साठीला टेकलेली बाई! आणि पुढचं वाक्य तर आणखीच. "गुरुवारी या. दुपारच्या गाडीनं. मी स्टेशनवर येतो."

गुरुवारी दुकान बंद असतं. सून घरी, म्हणजे घर राखायला कोणी तरी आहे. सासूनं नीट विचार करून दिवस काढला होता.

बुधवारी भाकरी थापतानाच तिनं विषय काढला.

"आई, हा धर्मेंद्र कोण आहे?"

सुलोचनाबाई दचकल्या. "तुले कोणं सांगतलं?"

"मले ऐकू येते. उद्या येऊन राहिला ना तो?"

"येऊन राहिला."

"लोकं काय म्हणतील? आज गोड गोड बोलून राहिला, उद्या वावर लिहून मागंल, मंग काय कराल?"

"तसा नाही वो तो. आमगावले मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. बायको वारली. साधा माणूस आहे."

"फोनवर सारेच साधे असतात. तुम्ही जायचं नाही. मीच जातो, आन् तिथूनच परत पाठवतो त्याले."

सासू भांडेल, निदान रडेल तरी, असं तिला वाटलं होतं. सुलोचनाबाई चुलीकडे बघत बसल्या. भाकरी करपायला लागली तेव्हा म्हणाल्या, "बरं. तूच जा. पण गेल्याबरोबर तोंड सोडजो नको. आधी त्याचं ऐकून घेजो."

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी पेटीतली हिरवी साडी काढून दिली. "हे नेस. परक्या माणसासमोर घरची इज्जत दिसली पाहिजे."

वाद घालायचं त्राण नव्हतं. दुर्गेश्वरी साडी नेसली. ती वळणावर जाईतो सुलोचनाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

गाडी उशिरा आली. दुर्गेश्वरी बाकावर बसून वाक्य घोळवत राहिली. आमच्या आईच्या वाटेला जाऊ नका. त्या भोळ्या आहेत. बोलताना आवाज चढवायचा नाही, नाही तर स्टेशनभर तमाशा. घरी गेल्यावर सासूचं तोंड कसं पाहायचं, हे मात्र तिला सुचत नव्हतं. एका म्हाताऱ्या जिवाचं एवढंसं सुख आपण मोडायला निघालो आहोत, असंही मधेच वाटून गेलं.

उतरणारे मोजकेच होते. ती पांढऱ्या केसांचा माणूस शोधत होती. एक म्हातारा उतरला, पण तो गाठोडं घेऊन सरळ गावाकडे चालू लागला. मग चाळिशीचा एक माणूस तिच्याच दिशेनं येताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, नखांत न निघालेलं काळं ग्रीस. सासूपेक्षा किती तरी लहान. म्हणजे ठकच आहे, तिनं मनाशी ठरवलं आणि उठून उभी राहिली.

त्यानं हात जोडले. कपाळावरचा घाम पुसला. तिला बोलायला तोंड उघडू न देता, पाठ केल्यासारखं घाईघाईनं म्हणाला,

"दुर्गेश्वरीजी, यावं का नाही, लय विचार केला मी. पण सासूबाई बी वारल्या, आता घरात मी एकटीच, असं तुम्ही लिहिलं ना, मंग मले राहवलं नाही."