इरादा

शेवंता नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला पिंपरी पेंढारहून पुण्याच्या सेशन कोर्टात आली, ते साल अठ्ठ्याण्णव. सरकारी वकिलांनी तिला बाहेरच बजावलं होतं, “बाई, नुसतं ढकललं म्हणून भागत नाही. जीव घ्यायचाच इरादा होता, हे कोर्टाला पटलं पाहिजे.”

नवरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. त्याचा वकील अगदी मायेनं विचारू लागला.

“भांडण झालं होतं ना, ताई?”

“व्हय.”

“रागात धक्का लागला, तुमचा तोल गेला, तुम्ही विहिरीत पडलात. अंगावर साधा ओरखडा नाही. मग याला खुनाचा प्रयत्न म्हणायचं कसं? त्याच्या मनातलं तुम्हाला काय ठाऊक?”

धक्का रागातच लागला असेल, असं शेवंतानंही स्वतःला किती वेळा समजावलं होतं. कठडा घट्ट धरून ती बोलू लागली.

“मी मोटारीच्या पाइपाला धरून व्हते, सायेब. नाकातोंडात पाणी गेल्यालं, आवाज फुटत नव्हता. वर काठावर ह्ये उभे व्हते. आमची नजरानजर झाली. वाटलं, आता दोर टाकत्याल. तेवढ्यात शेजारच्या वावरातनं गेणूभाऊंनी हाळी दिली, ‘काय पडलं रं इहिरीत?’”

त्या दिवसात पहिल्यांदाच तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

“माझ्याकडं बघत बघतच ह्ये म्हनले, ‘काय न्हाई, दगड पडला.’”