चार बोटांचा फरक

जीपच्या पोटात ‘कडाक्’ असं काहीतरी मोडलं. हरिश्चंद्रशेठनं गिअर पुढे ढकलला, मागे ओढला, इंजिनाच्या सात पिढ्या उद्धारल्या. इंजिन गुरगुरत होतं, पण चाकं जागची हलायला तयार नव्हती. उधव्याच्या अलीकडच्या कोरड्या ओहोळात, खडकाच्या चढावर, जीप आणि मागचा ट्रेलर असं सगळं लटांबर अडकून बसलं.

“काय झालं रं बाबा?” ट्रेलरमधून तानी धवलेरीनं विचारलं.

“काही नाही. होईल आता.”

“होईल तं बरं. दिस कासराभर ऱ्हायला.”

ते का त्याला दिसत नव्हतं? धवलेरीनं गाणी म्हटल्याशिवाय वारल्याचं लग्न लागत नाही. कोसभरावरच्या पाड्यात झिपरूची लेक तुळशी अंगाला हळद लावून हिचीच वाट बघत बसली होती. हा झिपरू हरिश्चंद्राच्या आगरच्या वाडीत बारा वर्षं चिकू उतरवत होता. दुपारी तो उधव्याहून तानीला आणायला बैलगाडी जुंपत होता, तेवढ्यात लग्नाला म्हणून आलेल्या शेठनं त्याला अडवलं. “सोड ते बैल! माझी जीप अर्ध्या तासात आणून हजर करते की नाही बघ!” सगळ्या पाड्यादेखत म्हणाला होता. कुणी मागितली होती का जीप? कुणी नाही.

तो खाली उतरून चाकांकडे बघत राहिला. पुढची दोन लहान, मागची दोन मोठी. महिन्यापूर्वीच बलसाडला चिमणच्या भंगारात जाऊन घेतलेली. मोठे टायर चिमणकडे दोनच होते. “चारेय सरखां राखजो, शेठ,” तो बिचारा सांगत होता, चारही सारखेच ठेवा म्हणून. पण मागून उंच झालेली जीप कशी ऐटीत दिसत होती! काढलेले जुने टायर ट्रेलरला चढवले, झालं काम.

सामान चढवायला तेव्हा झिपरू बरोबर होता. त्यानं शिंदीच्या पानाची दोरी घेतली, पुढचं चाक मोजलं, मागचं मोजलं.

“शेठ, चार बोटांचा फरक हाय. एक बैल लांब टांगंचा, एक आखूड. एक ओढंल, दुसरा फरफटंल. मान मोडंल कुणाची तरी.”

“जीप म्हणजे बैल वाटला काय रे तुला? रानातून उठून आला आणि मला गाडी शिकवतो!” 

भंगारातली सगळी माणसं हसली होती. झिपरूही हसला होता, दोरी गुंडाळता गुंडाळता.

साध्या रस्त्यावर महिनाभर काही बिघडलं नाही. आज चढ बघून हरिश्चंद्रानं चारही चाकांना जोर देणारा गिअर टाकला, आणि पुढची न् मागची चाकं आपसात भांडून मोकळी झाली.

ओहोळाच्या वरच्या अंगाला घुंगरं वाजली. झिपरू बैलगाडी घेऊन येत होता. मुलीचा बाप, मांडव सोडून आलेला. हाताची हळदसुद्धा धुतली नव्हती.

“शेठ येत नाय, म्हटलं बघावं.”

त्यानं जीपच्या चाकांकडे बघितलं. मग ट्रेलरकडे. जीप मागून उंच, ट्रेलर ठेंगणा, त्यामुळे ट्रेलर नाक वर करून मागे कलला होता. म्हातारी घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी फळी धरून बसली होती, उधव्यापासून तशीच. मग झिपरूची नजर पुढच्या सीटवर गेली. तिथं चिकूची करंडी होती, खाली शेठची शाल घडी करून घातलेली. लग्न लागलं की सगळ्यांदेखत द्यायचा आहेर. दबू नये म्हणून पुढे ठेवला होता.

हरिश्चंद्राला ती करंडी आत्ता दिसली. म्हणजे दिसत तर सकाळपासून होती. पण तानीला पुढे बसवावं असं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. वारली ट्रेलरमध्येच बसायचे. कानशिलं तापली त्याची. झिपरू एखादा शब्द बोलेल, टोमणा मारेल, निदान हसेल तरी, म्हणून तो वाट बघत राहिला. बोल की लेका, बोल!

झिपरूनं तानीला हाताला धरून उतरवलं, बैलगाडीत आपल्या पाठीशी घोंगडी अंथरून बसवलं. मग करंडी अलगद उचलून गाडीत मागच्या टोकाला ठेवली.

“झिपरू,” हरिश्चंद्र म्हणाला, “तू तेव्हा दोरीनं मोजून सांगितलं होतंस...”

“ते ऱ्हाऊ दे, शेठ. पोर खोळंबली हाय. बस गाडीत.”

जीपला तिथंच सोडून हरिश्चंद्र गाडीच्या मागच्या टोकाला गेला. करंडीशेजारी बसायला त्यानं एक पाय वर टाकला. तिथं बसलं की निदान कुणाचं तोंड बघायला लागणार नव्हतं.

तानीनं मान वळवली. घोंगडीवर जरा सरकून अर्धी जागा मोकळी केली.

“तठं कशाला बसतंस, बाबा? पुढं ये. मागं लय हादरं बसतात.”