पूर्ण भरलेलं वर्तुळ

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा, चाकणच्या कंपनीत आज कामगारांची मुलं पाहुणी म्हणून आली आहेत. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक कामगाराच्या फोटोशेजारी एक वर्तुळ आहे. जेवढं काम शिकून झालं, तेवढंच ते भरायचं. स्वरूपाच्या आईचं वर्तुळ पूर्ण भरलंय. “तुझी आई आमची सगळ्यांत तयार कामगार, बरं का,” साहेब म्हणाले. स्वरूपाने आईचा हात ओढला. “मग हे मोठं मशीन चालवून दाखव ना!” आई मशीनपाशी गेली, पण तिचा हात बटणापर्यंत जाईना. “मला नाही गं येत,” ती मान खाली घालून म्हणाली. “तपासणी होती म्हणून साहेबांनी न शिकवताच ‘सगळं शिकले’ अशी सही मागितली. मी केली.” साहेब घड्याळाकडे बघू लागले. स्वरूपाने तळहाताने आईचं वर्तुळ पुसलं, फळ्याचं पेन साहेबांच्या हातात दिलं आणि विचारलं, “काका, आईला कधीपासून शिकवणार?”