खासदारांची अचानक धाड

"माझ्या आदेशावरून आज इथं अचानक धाड पडली आहे," खासदार हुस्तिनियानो मोबाइलकडे बघत म्हणाले. "या विमानात काय काय सापडेल, देव जाणे." माग्दालेना गावच्या रेडिओवरून ते शब्द त्याच क्षणी गावभर गेले.

त्यांच्या मागे, पंखाखाली, निरीक्षक ओस्मान मेल्गार बॅटरी घेऊन वाकला होता. त्याला सापडलं ते एवढंच: आग विझवायच्या एका नळकांड्याची मुदत संपत आली होती. मालकीण डोन्या नेल्वीनं तिथल्या तिथं नवं बसवून घेतलं. तिची कंपनी म्हणजे हे बारा आसनांचं एकुलतं एक विमान. जत्रेनंतरची ही त्रिनिदाद शहराची फेरी रिकामी गेली तर ते विकायचं, हे तिनं घरी सांगून टाकलं होतं.

वजनकाट्यापाशी रांग होती. इथं सामानाबरोबर माणूसही तोलतात. खासदारांचं वाक्य संपता संपता रांग तिकिटाच्या खिडकीकडे वळली, पैसे परत मागायला. आधी शाळामास्तर वळले, मग मास्तरांकडे बघून बाकीचे.

"मेल्गार, तोंड उघडा की," डोन्या नेल्वी म्हणाली. "माझी कॉफी प्यायला बरं उघडतं दरवर्षी."

"लेखी अहवाल ला पाझच्या मुख्य कचेरीत पोचेपर्यंत बोलायची बंदी आहे, बाई. नोकरी जाईल."

निरीक्षक गप्प, म्हणजे प्रकरण भयंकरच, असा हिशेब लोकांनी लावला. खासदारांनी त्या गप्प चेहऱ्यावर मोबाइल रोखला आणि स्वतःचा आवाज आणखी गंभीर केला.

तेवढ्यात भाड्याच्या मोटारसायकलवरून एक म्हातारी उतरली. ओस्मानची आई. बोचकं घेऊन ती थेट रिकाम्या काट्यावर जाऊन उभी राहिली.

"आई, तू? विमानात?" लेकीला भेटायला ती त्रिनिदादला जायची ती बसनं, चिखलातून, अंग खिळखिळं करून घेत.

"सगळं नीट बघितलंस ना, पोरा?"

ओस्माननं बोचकं उचललं आणि स्वतःच्या हातानं विमानात नेऊन ठेवलं. मास्तरांनी हातातल्या नोटांकडे बघितलं, त्या खिडकीत परत सरकवल्या आणि ते काट्याकडे आले.

"आजी, तुम्ही रेडिओ ऐकला नाहीत का?" खासदारांनी विचारलं. मोबाइल चालूच होता.

"ऐकला म्हणून तर आले," म्हातारी म्हणाली. "घराला कुलूप लावलं की चारचारदा ओढून बघणारं पोर हे. पण कामाचं घरी बोलेल तर शपथ. मला आपलं वाटायचं, विमानखात्यात कागद रंगवतो आणि दर जुलैत सरकारी खर्चानं जत्रेला येतो. विमानं तपासायला येतो, हे आज तुमच्यामुळं कळलं."