सरकलेला तास

शुक्रवारी कडाक्याचं भांडण झालं आणि रुम्यानाचा कामातला भागीदार, असेन, दार आपटून निघून गेला. सोमवारी सकाळी तिनं बल्गेरियातल्या प्लॉवदिव शहरातल्या ऑफिसात संगणक लावला, तर दोघांनी मिळून लिहिलेल्या प्रोग्रॅमची प्रत्येक फाईल 'बदललेली' दिसत होती. तिनं त्याला फोन लावला.

"असेन, उगवलास ना सूड? सगळ्या फाईली बदललेल्या दिसतायत!"

"फाईलींच्या वेळा एका तासानं सरकल्यात का? अगं बाई, काल उन्हाळ्यासाठी देशभर घड्याळं तासभर पुढे केली ना! आत बघ, काही बदललेलं नाही."

तिनं फाईली उघडल्या. एक अक्षरही हललं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"मला वाटलं, तू सगळं पुसलंस."

"घरून पुसायलाच बसलो होतो. पण त्यात तुझी एक चूक दिसली. ती माझ्याकडच्या प्रतीत दुरुस्त करून आणतोय, कॉफी ठेव."