जोडाक्षर

मराठी मंडळाच्या कविसंमेलनात दीक्षाचं नाव पुकारणार, तेवढ्यात संयोजकांनी तिची कविता तपासून हातात ठेवली. सात ठिकाणी लाल पेनाने 'नक्को'चं 'नको' केलेलं. "हैदराबादेत राहतो म्हणून काहीही चालत नाही, बाई. शुद्ध वाचा." कविता आईवर होती, आणि सिकंदराबादेत उभा जन्म काढलेल्या आईचं एका 'क'वर कधी भागलंच नव्हतं. ती पहिल्या रांगेत बसली होती. दीक्षाने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि माइकसमोर कविता तोंडपाठ म्हणायला लागली. "शाळा सोडू, आई?" "नक्को." "आडनाव लपवू, आई?" "नक्को." मागे कुणीतरी खुसखुसलं. दीक्षाने पुढचा 'नक्को' आणखी जोरात म्हटला. शेवटच्या ओळीला "लिहिणं सोडू, आई?" एवढंच विचारून ती आईकडे बघत थांबली. आई गुडघ्यांवर हात रेटून उभी राहिली आणि दोन्ही 'क' ठणकावत म्हणाली, "नक्को!"